जहाजाचे नाव: डोंगा

शंभर किलोचं इंजिन तलावात पडलं तर केवढा आवाज व्हायला हवा! निदान मला तरी मोठी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 'डुबुक' असा आवाज झाला, दोन बगळे उडाले आणि माझ्या हातात नुसतं हँडल राहिलं. मी बराच वेळ त्या हँडलकडे बघत उभा होतो. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षणानं इतक्या जवळून कधी गाठलं नव्हतं.

इंजिन माझंच. सिंदेवाहीपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात, तलावाला लागून माझा अर्धा एकर तुकडा आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली की माणसाला वांगी लावावीशी वाटतात, तशी मलाही वाटली. वांग्यांना पाणी हवं, पाण्याला पंप हवा, म्हणून वरोऱ्याहून एक जुनं डिझेल इंजिन आणलं. आरिफ मेकॅनिकनं ते खोलून साफ केलं आणि आपल्या टेम्पोतून शेतावर आणून दिलं. इंजिनातलं जळकं ऑइल आणि त्याच्या गॅरेजमध्ये साचलेलं आणखी बरंचसं, असा एक डबाभर माल त्यानं मला फुकट दिला. फुकट मिळालेली वस्तू मला टाकवत नाही. मी तो डबा मासेमार सोसायटीच्या इस्तारीभाऊला देऊन टाकला. लाकडाला लावलं की वाळवी लागत नाही, हेही सांगितलं. माझ्या हातून असे उपकार होत असतात, मी ते बोलून दाखवत नाही. असो.

तर त्या शनिवारी मी तासभर हँडल मारत होतो आणि इंजिन काही चालू होईना. थंडी अशी होती की बोटं वळत नव्हती. शेवटी सगळा जोर लावून हिसका दिला. इंजिन चालू झालं नाही, पण चालायला लागलं. उतारावरून दोन चाकांवर सरळ पाण्यात.

तासाभरानं पाण्यावर पहिला डाग दिसला. निळा, जांभळा, सोनेरी. शाळेत मी हाच रंग बशीतल्या पाण्यावर रॉकेलचा थेंब टाकून दाखवतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. इथे टाळ्या वाजवायला इस्तारीभाऊ आला होता. शेजारीच त्याचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, बांधलेला होता, मोठ्या जाळ्यासाठी नुकताच नीट करून काळाभोर केलेला.

"सर," तो म्हणाला, "मंगळवारी जाळं हाय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आमच्या तलावावर ढिवरांची बत्तीस घरं जगतात. रोजची किरकोळ मासोळी वेगळी, पण वर्षातून एकदा सगळे मिळून मोठं जाळं ओढतात आणि त्या एका ओढीवर घरोघरचं वर्षाचं गणित बसतं. चंद्रपूरचा व्यापारी बर्फ घेऊन यायचा होता. तो प्रत्येक टोपलीत नाक खुपसतो. माशाला ऑइलचा वास आला की गाडी तशीच परत फिरवतो, आणि एकदा वास लागला की पुढच्या वर्षीही येत नाही.

"मी आहे ना," मी म्हणालो. "दोन दिवसांत तलाव आरशासारखा करून देतो."

माझी बायको गोकुळा डबा घेऊन आली होती. ती तलावाकडे बघत म्हणाली, "अहो, तो डोंगा..."

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो. "इथे तेलगळती झाली आहे."

तेलगळती हा शब्द मी मोबाइलवर नुकताच वाचला होता. तिथे असंही लिहिलं होतं की परदेशातल्या शास्त्रज्ञांनी बर्फासारख्या गार समुद्रातलं तेल पिणारे स्पंज तयार केले आहेत. स्पंज पाण्याला हातही लावत नाही म्हणे, फक्त तेल उचलतो. मी त्याच संध्याकाळी सिंदेवाहीच्या बाजारातून भांडी घासायचे साठ स्पंज आणले. एका बाजूनं पिवळे, एका बाजूनं हिरवे. दुकानदारानं विचारलं, "सर, घरी कार्यक्रम हाय का?"

रविवारी ऊन वर आल्यावर आम्ही तलावावर गेलो. त्याआधी कोणी जात नाही, कारण पहाटे वाघाची पाणी प्यायची वेळ असते आणि त्याच्या वेळेत आम्ही ढवळाढवळ करत नाही. इस्तारीभाऊ डोंगा वल्हवत होता आणि मी पुढे बसून स्पंज सोडत होतो. साठच्या साठ स्पंज पाण्यावर सोडले आणि दहा मिनिटांत मला धक्का बसला. त्यांनी तेलाकडे ढुंकून पाहिलं नाही. ते पोटभर पाणी प्यायले, जड झाले आणि नाकं तेवढी वर ठेवून पडून राहिले. काठाजवळ आलेला एक स्पंज कोणाच्या तरी म्हशीनं तोंडात धरला, चावला आणि माझ्याकडे बघून थुंकला. सव्वीस वर्षांत माझ्यावर अशी टीका शाळेच्या तपासणीतही झाली नव्हती.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. सकाळी तेलाचा डाग अंगणाएवढा होता. आम्ही डोंग्यातून त्याला दोन चकरा मारल्या तेव्हा तो खळ्याएवढा झाला. आम्ही पलीकडे गेलो, तर तिथेही तेल. मागे वळून बघितलं, तर ज्या पाण्यातून आत्ताच आलो तिथेही तेल. जितकं टिपावं तितकं वाढत होतं.

"तेल पसरतं," मी इस्तारीभाऊला समजावलं. "एका थेंबाचा थर फार पातळ होतो. पृष्ठताण म्हणतात त्याला."

"ताण तं येऊन राह्यला जी," तो म्हणाला.

काठावरून गोकुळा ओरडली, "अहो, डोंगा बाहेर काढा पहिले!"

"विज्ञानाचं काम चाललंय!" मी ओरडून सांगितलं आणि तिसरी चक्कर मारली.

दुपारी आमचे शेजारी बापूजी आले. बापूजी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त आहेत आणि सल्ला देण्यासाठी पूर्ण वेळ मोकळे आहेत. त्यांनी पाण्यात बोट घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "पानी गार हाय ना, म्हनून तेल गोठते. गोठलेलं तेल स्पंजात कसं घुसंल? स्पंज गरम करा पहिले."

हे मला पटलं. विचार करून बघितला आणि आणखी पटलं. मी घरी जाऊन सोफ्याच्या गाद्या फाडल्या, आतला फोम कापला, आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी बादल्यांत भरून तलावावर नेलं, त्यात फोम बुडवून चांगला गरम केला आणि वाफाळता फोम तेलावर टाकला. तो जागच्या जागी बसून राहिला. गरम पाण्यानं आधीच तुडुंब भरलेल्या स्पंजात तेलाला शिरायला जागाच नव्हती, हे इस्तारीभाऊच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. बापूजी म्हणाले, "मंग डॉक्टरी कापूस घ्या, तो लय शोषते." त्यांच्याकडे जुने चार बंडल होते. तो कापूस मात्र खरंच शोषणारा निघाला. पाण्याला टेकताच पाणी पिऊन सरळ तळाला गेला.

"माह्यावाला कापूस एक नंबर होता," बापूजी तळाकडे बघत म्हणाले. "तालुक्याले जा तुमी. तिथी आपत्तीचं हापिस हाय. पुराच्या वक्ती लाइफ जाकिटं देतेत. स्पंजबी असंल."

सोमवारी रजा टाकून मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही, कारण तिथल्या प्रफुल नावाच्या बाबूनं मला चहा पाजला होता. त्यानं विचारलं, "काय झालं? वाघ, रानडुक्कर, वीज का पूर?"

"तेल," मी म्हणालो.

त्यानं यादी खालपर्यंत पाहिली. "तेल आपल्याकडे होत नाई सर. वाघ करता का? वाघाचं लवकर होते."

"अहो, तलावात तेलगळती झाली आहे!"

मग त्यानं कपाटाच्या तळातून एक फॉर्म काढला. त्यावरची धूळ बघून मला खात्री पटली की चंद्रपूर जिल्ह्यात तो पहिल्यांदाच उघडला जात होता. 'समुद्रकिनाऱ्यापासून अंतर' हा पहिला रकाना. मी विचारलं, आपल्याकडे समुद्र कुठला? तो म्हणाला, "म्हनूनच तं अंतर इचारते." मी अंदाजे आठशे किलोमीटर लिहिलं. पुढचा रकाना होता, 'भरतीची वेळ'. प्रफुलनं सुचवल्याप्रमाणे मी लिहिलं, सकाळी दहा ते पाच. त्यानंतर होता, 'तेल सांडणाऱ्या जहाजाचे नाव'.

"जहाज नाही. इंजिन पडलं."

"रकाना रिकामा सोडता येत नाई. कॉम्प्युटर घेत नाई. पान्यावर चालनारं काय हाय तुमच्याकडे?"

"एक डोंगा आहे."

"मंग लिहा."

मी लिहिलं, 'डोंगा (एक)'. एका सरकारी कागदावर मी धडधडीत खोटं लिहिलं. त्याआधी आयुष्यात मी खोटं लिहिलं ते फक्त विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकांवर, 'प्रगती समाधानकारक' म्हणून. स्पंज येईल का, असं विचारल्यावर प्रफुल म्हणाला, अर्ज आधी मुंबईला जाईल.

मुंबईच्या भरवशावर मंगळवारचं जाळं ओढता येणार नव्हतं. म्हणून जास्तीचा फोम घ्यायला मी बाजारातल्या जलालुद्दीनभाईंच्या दुकानात गेलो. ते गाद्या भरतात. त्यांचे वडील धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरायचे, आता दुकानात मशीन आहे. मी त्यांना स्पंजाचा सगळा सिद्धांत सांगितला. ते ऐकत ऐकत उठले, वाटीत पाणी घेतलं, मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि एका जुन्या उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढून त्यावर टाकला.

पांढरा कापूस बघता बघता काळा झाला. त्यांनी तो उचलला. वाटीतलं पाणी स्वच्छ होतं आणि कापसातून पाण्याचा एक थेंबही पडत नव्हता.

परदेशातल्या शास्त्रज्ञांना जे जमलं ते एका पिंजाऱ्यानं चहाच्या वाटीत करून दाखवलं होतं. व्याख्याही सांगितली नव्हती.

"हे काय आहे?"

"सावरी. काटेसावरीचा कापूस, सर. जंगलात झाडं हाय ना, लाल फुलंवाले. हा पानी पीतच नाई. पुरात गादी वाहून गेली तर तरंगते. पर तेल? तेल एकदम खींच लेता."

"मग द्या दहा किलो!"

"कुठून देऊ? सावरीच्या शेंगा चैतात फुटते. आता पाव किलोबी नाई मिळनार बाजारात. जुन्या गादीत असली तर हाय." त्यांनी उशीचा उसवलेला कोपरा शिवायला घेतला. "पूरी गादी सावरीची आजकल कोन भरते? मैंने तो एकच भरली होती. तुमच्या घरची, सर."

त्या गादीवर मी सव्वीस वर्षं झोपत होतो. गोकुळेच्या आईनं ती लग्नात दिली होती. तीन उन्हाळे त्या माउलीनं जंगलात फिरून शेंगा वेचल्या, उन्हात फोडल्या, बिया काढल्या आणि पोती भरून ठेवली, तेव्हा कुठे एक गादी झाली. त्या माउलीला जाऊन आता नऊ वर्षं झाली आहेत. गोकुळा ती गादी दर महिन्याला उन्हात टाकते आणि तिच्यावर कोणाला बसू देत नाही, ओल्या केसांनी तर नाहीच. तिच्यापुढे हा विषय काढण्यापेक्षा मंगळवारी बत्तीस घरांपुढे उभं राहणं सोपं, असं मला वाटलं. घरी येईपर्यंत मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली आणि तिन्ही मोडली.

दारात पाऊल टाकलं तर गोकुळा ओसरीत बसली होती. समोर गादीची खोळ पडली होती, अर्धी उसवलेली. तिच्या केसांवर, खांद्यावर सगळीकडे पांढरा कापूस उडत होता.

"जलालुद्दीनभाईचा फोन आला होता," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तुमच्यानं इचारनं होनार नाई, म्हनून त्यायनं मले सांगतलं."

"गोकुळा, ती आईची..."

"मले मालूम हाय कोनाची हाय ते. पोतं धरा."

मी पोतं धरलं. मला लाज वाटली, इतकी की या गोष्टीत ती विनोदानं सांगता येणार नाही. कापूस भरताना ती मधून मधून एखादी मूठ हातात तशीच धरून थांबत होती आणि मग पोत्यात सोडत होती.

मंगळवारी सकाळी सूत्रं गोकुळेनं हातात घेतली. सावरी मोकळी सोडली तर वाऱ्यानं उडून जाईल, म्हणून ढिवरांच्या बायकांनी जुन्या जाळ्यांचे तुकडे आणले, त्यात कापूस भरला आणि बांधत बांधत एक लांबलचक वळकटी केली. मी डोंग्याकडे निघालो तर गोकुळेनं अडवलं.

"डोंगा बाहेर. वर ओढा त्याले, पार वर. मधात येते तो."

"अगं, पण वळकटी नेणार कशी?"

"दोन काठांवरून दोर धरून."

इस्तारीभाऊनं दोघा-तिघांना हाक मारली आणि डोंगा ओढून काठावर पालथा घातला. मग बायका दोन बाजूंनी दोर धरून निघाल्या आणि ती पांढरी वळकटी पाण्यावरून हळूहळू सरकू लागली. जिथून जात होती तिथे काळी होत होती आणि तिच्यामागचं पाणी साधं दिसत होतं. निळं नाही, सोनेरी नाही, नुसतं पाणी. दोन फेऱ्यांत तलाव साफ झाला. नवं तेल कुठेही वर आलं नाही. मी काठावर उभा राहून जमलेल्या मंडळींना सांगितलं की मोबाइलवर मी हेच तत्त्व वाचलं होतं.

जाळं पडलं. रोहू, कतला, मरळ, टोपल्यांवर टोपल्या. चंद्रपूरच्या व्यापाऱ्यानं प्रत्येक टोपलीत नाक घातलं, एका माशाला तर दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "चढवा." इस्तारीभाऊनं डोळे मिटून घेतले. त्याच्या छातीतून निघालेला श्वास मला चार हातांवरून ऐकू आला.

शेवटच्या ओढीत जाळं अडकलं. माझं इंजिन. ते काढायला आरिफला बोलवावंच लागलं. तीन दिवस मी त्याला लाजेपायी फोनही केला नव्हता. तो टेम्पो आणि साखळी घेऊन आला, इंजिन ओढून बाहेर काढलं, टाकीचं झाकण उघडून ते तिरपं केलं. आतून गढूळ पाणी पडलं. नुसतं पाणी, त्यावर रंगाची एक रेघही नाही.

"यातलं डिझेल तलावात गेलं," मी खाली मान घालून सांगितलं.

"कोनतं डिझेल?" आरिफ म्हणाला. "टेम्पोत सांडंल म्हनून मी सगळं काढून घेतलं होतं. ऑइलबी काढलं. कोरडं इंजिन देल्लं तुमाले. म्हनलं बी होतं, सर, पहिले ऑइल टाका, डिझेल टाका, मंग हँडल मारा."

म्हटलं होतं खरं. तेव्हा मी त्याला उष्णता इंजिनाचा सिद्धांत समजावून सांगत होतो.

म्हणजे तासभर मी रिकाम्या इंजिनाला हँडल मारत होतो. या धक्क्यातून सावरतो तोच दुसरी गोष्ट डोक्यात उजेडासारखी आली. तेल माझं नव्हतं! मी निर्दोष होतो! मी छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग हे तेल आलं कुठून?"

इस्तारीभाऊ संथपणे पालथ्या डोंग्याकडे गेला आणि त्याच्या पोटावरून तळवा फिरवला. तळवा वर केला. काळाकुट्ट, ओला, चमकणारा.

"दरसाल डांबर लावतो जी आमी," तो अगदी हळू म्हणाला. "डांबर वाळते. औंदा ऑइल लावलं. थंडीत वाळलंच नाई, वाटते."

"पण जळकं ऑइल लावायची अक्कल दिली कोणी?" मी कडाडलो.

इस्तारीभाऊ फार सज्जन माणूस आहे. त्यानं नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. बापूजींनी घेतलं.

रविवारभर आम्ही त्याच डोंग्यात बसून, तेल टिपत टिपत, साऱ्या तलावाला तेल लावत फिरलो होतो. आणि या सगळ्या प्रकरणात खरी ठरलेली एकच नोंद होती, जिला मी धडधडीत खोटं समजलो होतो. जहाजाचे नाव: डोंगा.

मी गोकुळेकडे वळलो. ती रिकामी खोळ घडी करून काखेत धरून उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"शनवारीच दिसलं होतं. दोनदा सांगतलं तुमाले."

"मग गादी का दिलीस? नुसतं खडसावून सांगायचं होतंस!"

"डोंगा काढला म्हनून सांडलेलं तेल थोडीच बाहेर येते?" ती म्हणाली. "कोनाचंबी असो, टिपा तं लागतेच ना. मासोळी का इचारते, सरानं सांडलं का इस्तारीभाऊनं?"

इस्तारीभाऊ पुढे आला. तो आपला काळा हात धोतराला पुसत राहिला.

चैत्रात एका दुपारी ढिवरांच्या बायका आमच्या अंगणात आल्या. बत्तीस घरच्या बत्तीस. प्रत्येकीच्या डोक्यावर पोतं, कोणाचं भरलेलं, कोणाचं अर्धं. जंगलात वाघ फिरत असताना दहा-दहा जणींनी मिळून जाऊन त्यांनी शेंगा वेचल्या होत्या. गोकुळेनं सगळ्यांना चहा केला. जलालुद्दीनभाईंनी जुनीच खोळ धुऊन तिच्यात गादी भरून दिली.

त्या गादीवर झोपायला मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोफ्यातून कापलेले फोमचे तुकडे जोडून मी माझी वेगळी व्यवस्था केली होती. तो फोम अजून पूर्ण वाळलेला नाही. पाठीचं काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही, कारण अर्ज मुंबईहून परत आला आहे आणि त्यांनी जहाजाच्या कप्तानाची सही मागितली आहे, त्या विवंचनेत मी आहे.

परवा जेवण झाल्यावर मी माझ्या फोमकडे निघालो, तेव्हा गोकुळा गादीवर एका बाजूला सरकून बसली आणि मोकळ्या जागेवर तिनं हात थोपटला.

"या इथी."

मी लगबगीनं पुढे झालो.

"थांबा," ती म्हणाली. "पहिले हात दाखवा."

मी दोन्ही तळवे उघडून तिच्यापुढे धरले. तिनं चष्मा लावला आणि एकेक बोट तपासलं.